बोट कुठलं ते आधी सांगा

नसांविषयी प्रश्न पाठवा असं संपादकांनी मागच्या अंकात छापलं आणि पत्रांचा ढीग येऊन पडला. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य : "हातापायांना मुंग्या येतात, नसांचा त्रास आहे, उपाय सांगा." अहो, कुठल्या हाताला? कुठल्या बोटांना? बसल्यावर, झोपल्यावर की चालताना? मोघम पत्राला मोघमच उत्तर मिळेल, म्हणून ती पत्रं बाजूला ठेवली आहेत. नेमकं लिहिलंत तर पुढच्या अंकात घेईन.

मी डॉक्टर नव्हे. पुण्यातल्या एका रुग्णालयात नसांचा वेग मोजायच्या मशीनवर माझी सगळी नोकरी गेली. पेशंट मला 'शॉकवाल्या बाई' म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. औषध लिहून देणं माझ्या अखत्यारीत नाही. कुठली नस कुठून जाते, तिच्यात काय चालतं आणि कुठे अडतं, एवढं सांगू शकते.

प्रश्न : रोज मोटारसायकलवरून हिंजवडीला जातो. काही महिन्यांपासून रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. ऑफिसातले म्हणतात मानेची नस दबली असेल, एमआरआय करून टाक. करू का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : 'हात झटकला की बरं वाटतं' हे तुम्ही आपणहून लिहिलंत, हे फार बरं केलंत. आमच्याकडे मुंग्यांचा पेशंट आला की मी मशीन लावण्याआधी हेच विचारायची. रात्री जाग येणं आणि हात झटकणं, ही मनगटात नस चेपली जात असल्याची खूण.

आता पुन्हा जाग आली की दिवा लावा आणि बोटं तपासा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू, एवढ्यातच मुंग्या असतील आणि करंगळी मोकळी असेल, तर ती मीडियन नावाची नस. अनामिका अशी उभी दोन नसांत वाटलेली असते, हे सांगितलं की लोक चकित होतात. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू बधिर असेल तर ती अलनर नस. कोपर दाराच्या चौकटीवर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती हिचीच. आणि मानेतून निघणारं दुखणं असेल तर मान एका बाजूला कलवल्यावर कळ खांद्यावरून दंडात उतरते, मानेलाही दुखतं. तुम्ही मानेबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

मनगटात तळहाताच्या बाजूला हाडांची एक खोबण असते आणि तिच्यावरून जाड पट्टा गेलेला असतो. त्या अरुंद बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्याबरोबर ही एक नस. आत थोडी जरी सूज आली तरी हाडं हलत नाहीत, पट्टा ताणत नाही, कंडरा चिवट असतात. चेपली जाते ती नस. झोपेत आपण मनगट मुडपून निजतो, बोगदा आणखी आवळतो आणि जाग येते. तुम्ही दिवसभर ॲक्सिलरेटरची मूठ मागे वळवून धरता, शिवाय आपल्या रस्त्यांचे हादरे, म्हणजे भर पडणारच. पण सगळं खापर गाडीवर फोडू नका. थायरॉइड, मधुमेह, गरोदरपण यांतही हे होतं. आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत आयटीवाल्यांपेक्षा कपडे पिळणाऱ्या आणि कणीक तिंबणाऱ्या बायकाच जास्त बसत; त्यांना फक्त कुणी लवकर पाठवत नसे.

एमआरआयचं म्हणाल तर चाळिशीनंतर मानेचा काढला की काही ना काही सापडतंच. सापडलेलं आणि दुखणारं एकच असेल असं नाही. उलट नसेच्या तपासणीत मनगटाच्या जरा वर शॉक दिला की अंगठ्याच्या बुडाशी असलेला स्नायू साधारण ४ मिलिसेकंदांच्या आत हलायला हवा. बोगद्यात कोंडी असेल तर ५, ६, कधी त्याहूनही जास्त लागतात. गंमत अशी की कोपरापासून मनगटापर्यंत तीच नस सेकंदाला ५० मीटरच्या वर ठणठणीत धावत असते. बिघाड कुठल्या चार बोटं जागेत आहे, ते आकड्यात दिसतं.

मज्जाविकारतज्ज्ञांना भेटा. सुरुवातीचं दुखणं असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावूनच पुष्कळांना आराम पडतो. मात्र अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होऊ लागला असेल किंवा शर्टाचं बटण लावताना अंगठा दगा देत असेल, तर वाट बघत बसू नका. स्नायू एकदा आटला की ऑपरेशननेही सगळाच्या सगळा परत येत नाही.

प्रश्न : गरम तव्याला हात लागला तर आधी हात मागे येतो की आधी दुखतं? आई म्हणते दुखतं म्हणूनच हात मागे घेतो. — इयत्ता पाचवी, सदाशिव पेठ

उत्तर : आईला हे हळूच वाचून दाखव : आधी हात मागे येतो. चटक्याचा निरोप बोटातून निघतो, हातातून वर मानेतल्या मज्जारज्जूत पोहोचतो, आणि तिथूनच स्नायूंना हुकूम सुटतो, 'ओढ!' मेंदूला विचारायला कुणी थांबत नाही. मेंदूकडे निरोप जातो, पण तो पोहोचून 'आई गं' म्हणेपर्यंत हात तव्यापासून दूर आलेला असतो.

दुसरी गंमत तुला घरीच पाहता येईल, म्हणजे मुद्दाम नको, कधी पलंगाच्या पायाला करंगळी आपटली तर. आधी एक तीक्ष्ण, नेमकी कळ येते. मग जरा थांबून दुसरी, खोल, ठणकणारी. दुखणं असं दोन हप्त्यांत येतं, कारण ते दोन प्रकारच्या तंतूंतून येतं. पहिल्या प्रकारचे तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने निरोप नेतात, दुसरे जेमतेम १ मीटरने. तुझ्या पायाच्या बोटापासून डोक्यापर्यंतचं अंतर मोज आणि भागाकार कर, म्हणजे दुसरी कळ उशिरा का पोहोचते ते कळेल.

मग जलद तंतू जलद का? त्यांच्याभोवती मायेलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं आणि त्याला ठरावीक अंतरावर बारीक फटी असतात. निरोप फटीतून फटीत उड्या मारत जातो. वेष्टण नसलेल्या तंतूत तो पॅसेंजर गाडीसारखा प्रत्येक स्टेशनावर थांबतो, वेष्टण असलेल्यात डेक्कन क्वीनसारखा मोजकेच थांबे घेतो. सगळ्यात जाड वेष्टण असलेले तंतू सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातात. हा निरोप म्हणजे काय, तर तंतूच्या बाहेर असलेले सोडियमचे विद्युतभारित कण क्षणभर आत घुसतात, आतला भार उलटतो, त्याने पुढचं दार उघडतं, मग त्यापुढचं. मिठात असतो तोच सोडियम.

हा वेग मोजताच येणार नाही, असं एकेकाळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटत होतं. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या पायाची नस घेतली, तिला दोन वेगवेगळ्या ठिकाणी शॉक दिला आणि स्नायू हलायला लागलेल्या वेळेतला फरक काढला. उत्तर आलं सेकंदाला सुमारे २७ मीटर. अंतर भागिले वेळ, तुझ्या पाचवीच्या पुस्तकातलंच गणित. मी आयुष्यभर त्याचीच युक्ती वापरून पगार घेतला.

प्रश्न : माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो, हे खरं का? — औंध

उत्तर : नाही. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा २ टक्के, आणि बसल्या जागी खर्च होणाऱ्या ऊर्जेतला वाटा सुमारे २० टक्के. न वापरण्यासाठी एवढा खर्च कुठलंही शरीर करणार नाही. ज्यांनी तुम्हाला हे सांगून शिबिराची फी घेतली असेल, त्यांच्याकडून ती परत मागा.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. पूर्ण शाकाहारी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू आहे. हल्ली बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना पुढे झोक जातो. रात्री वीज गेली तर भिंत धरून चालतात. दिवसा अगदी व्यवस्थित. बीपी नॉर्मल. वयामुळे असेल का? — कर्वेनगर

उत्तर : वयावर ढकलू नका. तुमच्या पत्रात 'डोळे मिटून', 'वीज गेली' आणि 'दिवसा व्यवस्थित' हे तीन तुकडे आहेत. ते एकत्र वाचा.

उभं राहताना तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते : डोळे, आतला कान, आणि पायाचे तळवे व सांधे. घोटा किती वाकलाय, भार टाचेवर आहे की चवड्यावर, ही खबर पायातून सतत वर जात असते. आपल्याला तिचा पत्ताही नसतो. ती खबर बंद पडली तर माणूस डोळ्यांनी वेळ निभावून नेतो. डोळे मिटले किंवा दिवे गेले की उघडा पडतो. तोंडाला साबण लावल्यावर झोक जाणं ही न्यूरॉलॉजीतली जुनी, ओळखीची तक्रार आहे. डॉक्टर पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगतात ती हीच तपासणी. घरी करून बघायची असेल तर शेजारी कुणीतरी धरायला तयार हवं.

ही खबर नेणारे तंतू जाड वेष्टणाचे असतात आणि पायाच्या बोटापासून निघालेला तंतू मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने न तुटता थेट मेंदूच्या बुडापर्यंत जातो. शरीरातली सगळ्यात लांब पेशी तीच. ते वेष्टण राखायला बी-१२ जीवनसत्त्व लागतं, आणि ते वनस्पतींत मिळत नाही.

हा पुण्याचा घरचा विषय आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, २००६ साली निष्कर्ष छापले. तिघांपैकी दोघांमध्ये बी-१२ कमी होतं, आणि गंमत म्हणजे खेड्यांपेक्षा शहरी मध्यमवर्गात जास्त. 'आमच्याकडे खाण्यापिण्याचं कधी कमी नाही' असं म्हणणाऱ्या घरांत, हे विशेष. त्यात मेटफॉर्मिन आतड्यातून बी-१२ शोषू देण्यात अडथळा आणतं. म्हणजे वडिलांच्या बाबतीत येणं कमी आणि त्यातही गळती. गोळी मनाने बंद करू नका; मधुमेहासाठी ती चांगली आहे. पण बी-१२ची तपासणी करा, आणि ती इंजेक्शन घेण्याआधी करा. आपल्याकडे 'ताकदीचं' म्हणून बी-१२ आधी टोचून घेतात आणि मग रक्त देतात. त्या रिपोर्टवरून कुणाला काय कळणार? फक्त फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही बी-१२ न बघता चालू ठेवू नयेत. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा मात्र आतून बिघडत राहतात.

दूध पितात की, असं तुम्ही म्हणाल. रोजची गरज साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅमची. मोठा कपभर दुधात जेमतेम एक. चहातलं दूध या हिशोबात धरू नका. आंबवलेल्या इडलीत असतं, स्पिरुलिनात असतं, असे निरोप मोबाइलवर फिरतात, त्यावर विसंबू नका.

दुसरा संशयित म्हणजे खुद्द मधुमेह. तो आधी पायाच्या बोटांना गाठतो, मग घोट्यांना, आणि बधिरपणा गुडघ्यांजवळ आला की हाताच्या बोटांत सुरू होतो. असा क्रम का? पायाच्या बोटातल्या तंतूची मूळ पेशी कंबरेत, मणक्याशेजारी असते. तंतूला लागणारा माल तिथे तयार होतो आणि दिवसाला २० ते ४० सेंटीमीटर अशा चालीने खाली जातो. मीटरभर लांबीच्या टोकाला पोहोचायला अडीच ते पाच दिवस. साखरेने पुरवठा बिघडला की शेवटच्या टोकाची आबाळ पहिली. वडिलांचे तळवे रोज रात्री बघत जा, आरसा धरून. दरवर्षी पालख्या पुढे गेल्या की आमच्या बाह्यरुग्ण विभागात तळव्याला फोड आलेले मधुमेही यायचे. अनवाणी चाललो, काही जाणवलं नाही, असं कौतुकाने सांगायचे. जाणवलं नाही हीच तर तक्रार लिहून घ्यायची असते.

बी-१२ कमी निघालं तर भरून काढता येतं. नस किती सावरेल हे किती उशीर झाला त्यावर आहे, आणि सावरायला महिने लागतात. तोपर्यंत बेसिनपाशी एक भक्कम दांडा बसवून घ्या आणि रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा ठेवा.

प्रश्न : मिसळ जीभ 'भाजते' ती तर्री गरम असते म्हणून की तिखट म्हणून? गार झालेली मिसळही भाजते. — नारायण पेठ

उत्तर : जिभेच्या नसांच्या टोकांना उष्णता ओळखणारं एक दार असतं, ते साधारण ४३ अंशांच्या पुढे उघडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन तेच दार गारेगार असतानाही उघडतं. नसेकडे 'भाजलं' एवढाच एक निरोप आहे, तो ती इमानाने पाठवते. मेंदू घाम सोडतो, नाक गाळतो. डेव्हिड ज्युलियस यांनी हे दार १९९७ साली शोधून काढलं आणि २०२१चं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर मिळालं. पक्ष्यांच्या अंगात हे दार आहे, पण ते मिरचीला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरच्या मजेत खातो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. वर पाणी प्यायलात तर ते तोंडभर पसरेल. ताक किंवा दही घ्या. लिंबू पिळून आग विझत नाही, आंबटपणाने ते दार आणखी चटकन उघडतं. पाव की ब्रेड या वादात मला ओढू नका.

प्रश्न : कीर्तनात तासभर मांडी घातली की पाय 'झोपतो'. नस कायमची जाईल का? — आळंदी रस्ता

उत्तर : तासाभराने नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक हाडाचा उंचवटा लागतो, त्याला वळसा घालून एक नस अगदी कातडीखालून जाते. मांडी घातली की ती दबते, तिचा रक्तपुरवठा अडतो. पाय मोकळा केल्यावर जाग्या होणाऱ्या तंतूंचा गोंधळ म्हणजे मुंग्या. मधूनमधून मांडी बदला, बुवा रागावणार नाहीत. पण उठल्यावर पाऊल वर उचलत नसेल, चप्पल घासत असेल आणि तसंच राहिलं, तर दाखवा. तासन्‌तास उकिडवं बसून शेतात काम करणाऱ्यांचं पाऊल असं पडलेलं मी पाहिलं आहे.

प्रश्न : २०२५च्या जानेवारीत आमच्या भागात जीबीएसची, म्हणजे गिलाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची, साथ आली. अजूनही मुलाला जुलाब झाले की पाय लटपटतात माझे. पाण्यातला जंतू नसांवर हल्ला करतो का? — सिंहगड रस्ता

उत्तर : तुमची भीती समजते. किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात त्या वेळी घरोघरी पाणी उकळत होतं आणि रुग्णांची नोंद दोनशेच्या वर गेली होती.

जंतू नसेला हातही लावत नाही. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा हा जंतू आतड्यात राहतो. त्याच्या अंगावरच्या काही साखरेच्या रेणूंची ठेवण आपल्या नसांवरच्या रेणूंशी जुळते. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, जंतू संपतो, आणि एक ते तीन आठवड्यांनी तीच प्रतिपिंडं नसांना शत्रू समजून बसतात. कधी वेष्टण सोलतात, कधी आतल्या तंतूलाच इजा करतात. हे ज्यांना जंतुसंसर्ग झाला त्यांच्यापैकी साधारण हजारात एखाद्याला होतं. मुलाला जुलाब झाले म्हणजे जीबीएस होणार, असं गणित मांडू नका. आणि जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. शेजाऱ्यांना तेव्हा वाळीत टाकलेलं ऐकून मला फार राग आला होता.

लक्षात ठेवायची खूण ही : दोन्ही पायांतलं बळ एकदम कमी होतं आणि काही दिवसांत अशक्तपणा वर चढत जातो. जिना चढवत नाही, मग उठवत नाही, मग हात. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर तासही घालवू नका, कारण श्वासाचे स्नायूही याच नसांवर चालतात. पहिल्या आठवड्यात आमचं मशीन बऱ्याचदा सगळं ठीक दाखवतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून अशक्त माणसाला घरी नेऊ नका. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं हे उपाय आहेत, आणि ते लवकर केलेले बरे. वेष्टण सोललं गेलं असेल तर ते पुन्हा चढतं. तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंतचं अंतर मोजलंत की फिजिओथेरपी इतकी लांबते का ते समजेल. पाणी उकळून प्या, जंतू उकळण्याने मरतो.

प्रश्न : मला एनसीव्ही (नसांचा वेग मोजायची तपासणी) करायला सांगितली आहे. शॉक देतात म्हणे. फार दुखतं का? — बिबवेवाडी

उत्तर : टिचकी मारल्यासारखं लागतं, काही ठिकाणी जरा जोरात. एका शॉकची लांबी सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाएवढी. सुईची तपासणी वेगळी, ती सगळ्यांना लागत नाही. लागणार असेल तर आधी विचारून घ्या आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तेव्हाच सांगा. पेसमेकर असेल तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. सकाळी अंगाला तेल किंवा क्रीम लावून जाऊ नका, पट्ट्या चिकटत नाहीत. बांगड्या, अंगठ्या घरी ठेवा, नंतर शोधाशोध नको. आणि थंडीतली अपॉइंटमेंट असेल तर स्कूटरवर हातमोजे घाला. हात गार पडला की नस मंदावते, अंशामागे सेकंदाला दीड-दोन मीटरने. डिसेंबरात सकाळी येणाऱ्यांचे हात मी आधी गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवायला लावायची. तुमच्या इथे कुणी विचारलं नाही, तर तुम्ही पिशवी मागा.